आधी जेवण, मग हिशेब

उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. मिशनच्या शाळेत शिकला असाल तर मूल्यशिक्षणाच्या तासाला, नाहीतर एखाद्या ख्रिस्ती मित्राच्या घरी. पोरगा बिघडला, पैसे उडवले, खायचे वांधे झाले, घरी आला, बापाने माफ केलं. संपलं! इतकी गुळगुळीत झालेली गोष्ट, की दुसऱ्या वाक्यालाच कान आपोआप बंद होतात.

माझं म्हणणं असं आहे, की ही गोष्ट आपण चुकीच्या ठिकाणी थांबून ऐकतो. ती बिघडलेल्या पोराच्या सुधारण्याची गोष्ट नाहीच मुळी. ती नोकरी आणि घर यांच्यातल्या फरकाची गोष्ट आहे. आणि म्हणूनच आपल्यासारख्या अप्रेझलवर जगणाऱ्या जमातीने ती जरा सावकाश वाचायला हवी. (मी वसईचा, जन्माने कॅथलिक, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. तेव्हा दोन्ही भाषा थोड्याफार कळतात.)

आधी संदर्भ बघू. लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. जकातदार आणि गावाने ओवाळून टाकलेले लोक येशूभोवती जमताहेत आणि तो चक्क त्यांच्या पंगतीला बसतोय, म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुर करतात. उत्तरादाखल येशू लागोपाठ तीन दाखले सांगतो. शंभरातलं एक हरवलेलं मेंढरू, दहांतलं एक हरवलेलं नाणं आणि दोघांतला एक हरवलेला मुलगा. प्रमाण बघा: एक टक्का, दहा टक्के, पन्नास टक्के. नुकसान वाढत जातं. आणि एक गोष्ट विसरायची नाही, हे सगळं चाललंय ते 'कोणाबरोबर जेवायचं' या भांडणावरून.

तिसऱ्या दाखल्यातला धाकटा बापाकडे वाटणी मागतो. मराठी माणसाला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. बाप धडधाकट असताना वाटणी मागणं म्हणजे काय, आणि त्यानंतर गावात कोण काय बोलतं, हे ज्याच्या घरी सातबारा आहे त्याला पुरतं ठाऊक असतं. त्या काळच्या ज्यू नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट हिस्सा मिळायचा. म्हणजे दोन मुलगे असतील तर थोरल्याला दोन तृतीयांश, धाकट्याला एक तृतीयांश. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोरगा तो एक तृतीयांश घेऊन परदेशी जातो (ऑनसाइट म्हणा हवं तर), सगळा उडवतो, दुष्काळ पडतो आणि शेवटी डुकरं राखायची पाळी येते. ज्यू मुलाने डुकरं राखायची! याहून खाली जायला जागा नाही. डुकरांच्या पुढ्यातल्या शेंगांकडे बघताना त्याला आठवतं, की आपल्या बापाच्या घरी मोलाने राबणाऱ्यांनाही पोटभर जेवायला मिळतं.

इथे तो काय करतो? भाषण तयार करतो. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री आपण करतो तसं. भाषणात तीन मुद्दे. एक, मी देवाचा आणि तुमचा अपराधी आहे. दोन, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी उरली नाही. तीन, मला तुमच्या मजुरांत एक म्हणून ठेवून घ्या.

तिसरा मुद्दा नीट बघा. हा नोकरीचा अर्ज आहे. पोराला घरी यायचंय, पण मुलगा म्हणून नाही. कामावर यायचंय. प्रोबेशनवर का होईना, पण रीतसर. जे खाईन ते कमावून खाईन, कोणाचे उपकार नकोत. वरवर पाहिलं तर केवढी नम्रता! पण आतून तोच जुना व्यवहार आहे. आधी वाटणी मागत होता, आता पगार मागतोय. बाप अजूनही त्याच्या लेखी देणारी पार्टी आहे, बाप नाही.

मग तो प्रसिद्ध क्षण. पोरगा अजून लांब असतानाच बाप त्याला बघतो आणि धावत सुटतो. केनेथ बेली नावाचे एक अभ्यासक होते, त्यांनी अनेक वर्षं मध्यपूर्वेत राहून तिथल्या खेड्यांच्या नजरेतून हे दाखले वाचले. ते म्हणत, की तिकडे वयस्क, प्रतिष्ठित माणूस चारचौघांत धावत नाही. पायघोळ अंगरखा वर धरून पाय उघडे टाकत पळणं म्हणजे स्वतःची शोभा करून घेणं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? वाड्यातले आबा धोतराचा सोगा हातात धरून भर वेशीतून पळताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. सगळं गाव बघतंय. जी नजर पोरावर पडणार होती ती बापाने स्वतःवर ओढून घेतली.

पोरगा पाठ केलेलं भाषण सुरू करतो. पहिला मुद्दा होतो. दुसरा होतो. तिसरा... येतच नाही. बाप मध्येच नोकरांना हाका मारायला लागतो: चांगला झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला, पुष्ट वासरू कापा. गंमत म्हणजे काही जुन्या हस्तलिखितांत हे तिसरं वाक्यही पोराच्या तोंडी घातलेलं सापडतं. बहुतेक आधुनिक अभ्यासकांच्या मते ते नक्कल करणाऱ्यांनी मागच्या ओळींवरून भरलेलं आहे. कॉपी-पेस्टचा इतिहास बराच जुना आहे तर! पण मला त्या लेखनिकांची मानसिकता कळते. भाषण अर्धवट राहिलं याचीच त्यांना रुखरुख लागली असणार. अर्ज पूर्ण भरल्याशिवाय कोणी आत कसं घेईल?

माझा एक मित्र आहे. त्याचं नाव आणि गाव सांगत नाही. करोनाच्या काळात घरबसल्या ऑप्शन्स ट्रेडिंगच्या नादाला लागला. सुरुवातीला थोडं कमावलं, मग गमावलं, मग गमावलेलं भरून काढायला आणखी लावलं. ही साखळी आपल्या फिल्डमध्ये कित्येकांना ठाऊक आहे. शेवटी वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग गेला. तेव्हापासून तो घरी गेलेला नाही आणि चर्चमध्येही नाही. नाताळ नाही, ईस्टर नाही. दर महिन्याला पगार झाला की वडिलांच्या खात्यावर हप्ता टाकतो. त्याचं ठरलेलं वाक्य आहे, "सगळे पैसे फेडले की जाईन. तोवर कोणत्या तोंडाने जाऊ?" देवाच्या बाबतीतही त्याचं हेच. आधी स्वतःला दुरुस्त करतो, मग पापनिवेदनाला जातो.

त्याचे बाबा अधूनमधून मला फोन करतात. पैशांचा विषय त्यांनी आजवर एकदाही काढलेला नाही. एकच विचारतात, "तो नीट जेवतो का रे?"

आता मला सांगा, माझ्या मित्राचा प्रामाणिकपणा खोटा आहे का? मुळीच नाही. पैसे फेडायलाच हवेत. पण त्याने जो क्रम लावलाय तो तपासून बघायला हवा. आधी हिशेब चुकता, मग जेवायला घरी. बायबलमध्ये हा क्रम मला कुठेच सापडत नाही. सगळीकडे उलटाच आहे. आपल्याकडे 'आधी पोटोबा, मग विठोबा' असं चेष्टेने म्हणतात, पण शुभवर्तमानात देव स्वतःच आधी पोटोबाचं बघतो :)

जक्कयचं उदाहरण घ्या. यरीहोचा मुख्य जकातदार, रोमन सत्तेसाठी वसुली करून गबर झालेला. बुटका होता म्हणून येशूला बघायला झाडावर चढून बसला. येशूने त्याला काय म्हटलं असेल? आधी लुबाडलेले पैसे परत कर, मग बघू? नाही. आज मी तुझ्या घरी उतरणार आहे, असं सांगितलं. सारं गाव नाकं मुरडायला लागलं. आणि त्या स्वागतानंतर जक्कय उभा राहून जाहीर करतो, की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत. म्हणजे परतफेड झाली, तीही व्याजासकट. पण ती प्रवेश फी नव्हती. ती आनंदातून झाली.

पेत्राचं तसंच. येशूला अटक झाली त्या रात्री शेकोटीपाशी उभं राहून त्याने तीन वेळा सांगितलं, की मी या माणसाला ओळखत नाही. पुढे योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू सरोवराच्या काठी विस्तव पेटवून मासे आणि भाकर तयार ठेवतो. आधी न्याहारी. खाणं झाल्यावर मग तो पेत्राला एकच प्रश्न तीनदा विचारतो: माझ्यावर प्रेम आहे का? तीन नकारांना तीन प्रश्न. हिशेब झाला, पण न्याहारीनंतर झाला. आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्याच्यावर कळपाची जबाबदारीही सोपवली.

याच्या उलट यहूदा इस्कर्योत. मत्तयच्या शुभवर्तमानात त्याची हकीकत वाचताना दरवेळी जीव कळवळतो. त्यालाही पस्तावा झाला होता. त्याने तर ती तीस नाणी परतसुद्धा केली. पैशाच्या हिशेबाने बघितलं तर चोख परतफेड. पण तो याजकांकडे गेला, त्यांनी त्याला झिडकारलं, आणि जिथे क्षमा मिळाली असती तिथवर तो पोहोचलाच नाही. हिशेब चुकता करणं आणि परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल?

इथे कोणी म्हणेल, की हे तर फारच सोपं झालं. पाहिजे ते करा आणि मग जाऊन जेवायला बसा! प्रश्न रास्त आहे आणि ख्रिस्ती परंपरेने तो टाळलेला नाही. उलट यावरून चर्चमध्ये जबरदस्त भांडणं झाली आहेत. एक सांगतो.

इसवी सन 250 मध्ये रोमन सम्राट डेसियसने फर्मान काढलं, की सर्वांनी रोमन देवतांना अर्पण करून तसा दाखला घ्यावा. असे दाखले लिहिलेले पपायरस इजिप्तमध्ये सापडलेले आहेत. जिवाच्या भीतीने असंख्य ख्रिस्ती लोकांनी अर्पण केलं, काहींनी पैसे चारून नुसताच दाखला मिळवला. काहींनी नकार दिला आणि ते तुरुंगात गेले, मारले गेले. छळ ओसरल्यावर पळपुटे परत आले आणि दाराशी उभे राहिले. आता यांचं काय करायचं? रोममधला नोव्हेशियन नावाचा विद्वान धर्मगुरू म्हणाला, यांना चर्चमध्ये पुन्हा जागा नाही. देवाला काय करायचं ते देव बघेल. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस यांचं मत पडलं, की प्रायश्चित्त घ्यायला लावा, पण दार बंद करू नका. पुढे नव्या छळाची चिन्हं दिसू लागली तेव्हा सिप्रियनच्या मंडळींनी प्रायश्चित्त करत असलेल्यांना मुदत पूर्ण व्हायची वाट न बघता आत घेतलं. संकटाला तोंड द्यायचंय तर उपाशीपोटी कसं पाठवणार, असा विचार त्यामागे होता. हा सिप्रियन काही मवाळ माणूस नव्हता. 258 मध्ये त्याने स्वतः श्रद्धेसाठी मान दिली.

पुढे कित्येक शतकं गंभीर पापांसाठी जाहीर प्रायश्चित्ताची पद्धत चालली. वर्षानुवर्षं वेगळं उभं राहायचं, मुदत संपली की आत. म्हणजे प्रोबेशनच! मग आयरिश मठवासीयांनी खाजगी आणि पुन्हा पुन्हा करता येणारं पापनिवेदन युरोपात पसरवलं आणि साधारण अकराव्या शतकापर्यंत क्रमच उलटला. पापमुक्ती ताबडतोब, प्रायश्चित्त नंतर. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात आणि वसईच्या चर्चमध्ये आजही शनिवारी संध्याकाळी ज्यासाठी रांग लागते, त्या संस्कारात हाच क्रम आहे. धर्मगुरू क्षमा देऊन मोकळा होतो, सांगितलेली प्रार्थना किंवा परतफेड तुम्ही नंतर करता. प्रोसेस दुरुस्त व्हायला हजारेक वर्षं लागली. पण दाखल्यातला बाप ती पहिल्या दिवसापासून पाळत होता.

'स्वस्त कृपा' हा शब्द डीट्रिश बोनहोफर या जर्मन पाळकाने 1937 मधल्या आपल्या पुस्तकात वापरला, तो याच धोक्याबद्दल. क्षमा हवी पण बदल नको, अशा धर्माला त्याने झोडपलं. नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल 9 एप्रिल 1945 ला त्याला फाशी दिलं गेलं, तेव्हा त्याला बोलायचा अधिकार होता. आणि खरंच, परत येणं एका दिवसाचं काम नाही. 'अमेझिंग ग्रेस' लिहिणाऱ्या जॉन न्यूटनचं बघा. 1748 मध्ये वादळात सापडलेल्या जहाजावर तो देवाकडे वळला. पण त्यानंतरही 1754 पर्यंत गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर काम करत राहिला! त्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीर पत्रक लिहिलं ते 1788 मध्ये. वळण्यापासून उघडपणे बोलण्यापर्यंत चाळीस वर्षं. ज्यांची आयुष्यं त्या जहाजांवर मातीमोल झाली त्यांच्या दृष्टीने हा उशीर भयंकरच. माफी मिळाली म्हणून त्यांचं नुकसान भरून निघत नाही. मी हे झाकून ठेवणार नाही. पण न्यूटनला आधी पूर्ण सुधार, मग दार उघडतो, असं सांगितलं असतं तर ते पत्रक तरी आलं असतं का? मला शंका आहे.

क्षमा फुकट नसते, हे आपल्याला बँकांमुळे चांगलं कळायला हवं. कर्ज राइट-ऑफ केलं म्हणजे पैसे हवेत विरले असं होत नाही. तोटा कोणाच्या तरी वहीत चढतोच. आता तो मघाचा आकडा काढा. धाकट्याने आपला एक तृतीयांश उडवला. उरलेले दोन तृतीयांश वाटणीप्रमाणे कोणाचे? थोरल्याचे. म्हणजे ते पुष्ट वासरू, तो झगा, ती मेजवानी, हा सगळा खर्च एका अर्थाने थोरल्याच्या खात्यातून चाललाय! म्हणूनच तो शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि दारातच अडून बसतो. त्याचा राग नुसता मत्सर नाही, त्याला हिशेब कळतो. क्षमेची किंमत घरातल्या कोणाला तरी मोजावी लागते. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, की ती किंमत देवाने क्रुसावर स्वतः मोजली. हे तुम्हाला पटो न पटो, पण या धर्मात क्षमा स्वस्त मानलेली नाही एवढं तरी मान्य करावं लागेल.

आणि थोरला काय बोलतो ते ऐका. इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, एकदाही शब्द मोडला नाही, पण मित्रांबरोबर मजा करायला साधं करडूसुद्धा कधी मिळालं नाही. ओळखीची भाषा वाटते ना? अप्रेझलच्या मीटिंगमधली आहे! मी ओव्हरटाइम केला, वेळेवर डिलिव्हरी दिली, आणि हाइक त्या नोटिस पिरियडमधून परत आलेल्याला? धाकटा परत येताना नोकरी मागत होता. थोरला घरात राहून इतकी वर्षं नोकरीच करत होता. दोघांनाही बाप मालकच वाटला. एक लांब जाऊन हरवला, दुसरा अंगणात उभा राहून.

रेम्ब्रांने आयुष्याच्या अगदी शेवटी, 1660 च्या दशकाच्या अखेरीस, हा प्रसंग रंगवला. ते चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. हेन्री नौवेन या डच धर्मगुरूने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या नजरेला पडलं, की पोराच्या पाठीवरचे बापाचे दोन हात सारखे नाहीत. एक भक्कम, पुरुषी. दुसरा मऊ, आईचा. ज्या भाषेत देवाला सहज 'माउली' म्हणतात तिथल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो हे उघड सांगितलं होतं. लेकरू कसंही आलं तरी आई आधी त्याला जेवायला वाढते, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

मला वाटतं, आज देवापासून लांब गेलेल्यांपैकी बरेचजण देवाला वैतागलेले नसतात. ते दारातल्या थोरल्या भावाला घाबरलेले असतात. चर्चच्या बाकावरून वळून बघणाऱ्या नजरांना. "अरे वा, आज आठवण आली वाटतं?" या एका वाक्याला. लग्न मोडलेली मुलगी, दारू सुटून सुटून पुन्हा लागलेला काका, पैसे घालवलेला मित्र. सगळे भाषण पाठ करत कुठेतरी लांब उभे आहेत. आपण त्यांच्या प्रोग्रेसचा रिपोर्ट मागायचं बंद केलं तर त्यातले निम्मे उद्या येतील.

गोष्टीचा शेवट येशूने सांगितलेलाच नाही. थोरला रुसून बाहेर उभा आहे, आणि बाप त्याच्यासाठीही उठून बाहेर आलाय, त्याचीही समजूत घालतोय. सगळं तुझंच आहे रे, पण तुझा भाऊ सापडलाय. थोरला आत गेला का? लूक लिहीत नाही. समोर बसलेल्या परूश्यांनी तो शेवट स्वतः ठरवायचा होता.

माझ्या मित्राला मी एवढंच सांगतो: हप्ते चालू ठेव, एकही चुकवू नकोस. पण या रविवारी जेवायला घरी जा. उरलेले हप्ते जेवल्यावरही भरता येतात.